पंप हाती आला, आता पुढे काय? दमा किंवा सीओपीडी नुकताच कळलेल्या सोलापूरकरांसाठी

डॉक्टरांनी छाती तपासली, फुंकायची टेस्ट केली, "दमा आहे" किंवा "सीओपीडी आहे" असे सांगून पंप (इनहेलर) लिहून दिला. मेडिकलमधून पेटी घेऊन घरी पोहोचेपर्यंत सल्ले सुरू होतात. "पंपाची सवय लागती बघा." "पंप म्हंजे शेवटचा इलाज, आधी गोळ्यांवर बघा की." आणि महिन्याभराने खरोखरच बरीच माणसे म्हणतात, पंपाने काही फरक पडेना. पुष्कळदा औषध बरोबर असते, पण ते फुफ्फुसापर्यंत गेलेलेच नसते. घशावर आदळलेले असते, जिभेवर बसलेले असते, नाहीतर पंप आठ दिवसांपूर्वीच संपून नुसता गॅस येत असतो. म्हणून इथे औषधांच्या यादीपेक्षा हात, तोंड, श्वास आणि घर यांवर जास्त जागा दिली आहे.

आधी आजाराचे नाव पक्के करा

दमा आणि सीओपीडी हे दोन वेगळे आजार आहेत. दम्यात श्वासनळ्या सुजलेल्या आणि चिडक्या असतात. त्रास येतो-जातो, पहाटे तीन-चारला जास्त होतो, धुळीने, थंड हवेने किंवा सर्दीने उसळतो आणि मधले दिवस अगदी चांगले जाऊ शकतात. सीओपीडी साधारण चाळिशीनंतर, वर्षानुवर्षे धूर आत गेल्यावर होतो. धाप रोजचीच असते आणि ती हळूहळू वाढते. तो फक्त विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनाच होतो हा समज सोडा. जन्मात विडी न ओढलेल्या, पण तीस वर्षे चुलीपुढे बसलेल्या बाईलाही सीओपीडी होतो. काहींना दोन्ही असतात.

निदान स्पायरोमेट्रीवर, म्हणजे फुंकायच्या टेस्टवर, पक्के होते. नाकाला चिमटा लावून छाती पूर्ण भरेपर्यंत श्वास घ्यायचा आणि नळीत एका दमात, सगळा जोर लावून, शक्यतो सहा सेकंद फुंकत राहायचे. असे किमान तीनदा. मग साल्ब्युटामॉल या नळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचे चार पफ (पंपाचे फवारे) देतात, पंधरा मिनिटे बसवतात आणि पुन्हा फुंकायला लावतात. रिपोर्टमध्ये दोन गोष्टी बघा. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा म्हणजे एफईव्ही-१, आणि एकूण हवेशी तिचे प्रमाण. पंपानंतरही हे प्रमाण ०.७० पेक्षा कमी राहिले तर सीओपीडीकडे बोट जाते. पंपानंतर एफईव्ही-१ किमान १२ टक्के आणि २०० मिली वाढले तर दम्याकडे. म्हणजे आधी १.५० लिटर आणि नंतर १.७५ आले, तर वाढ २५० मिली, जवळपास १७ टक्के. चांगल्या दिवशी केलेली टेस्ट नॉर्मल येऊ शकते, तेवढ्यावरून दमा नाही असे होत नाही. टेस्टच्या किती तास आधी पंप बंद ठेवायचा ते आदल्या दिवशीच विचारून घ्या, नाहीतर हेलपाटा पडतो.

पूर्वी टीबी होऊन गेला असेल तर ते आवर्जून सांगा, कारण टीबीने खराब झालेले फुफ्फुसही दम्यासारखे वागते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, वजन घटणे, संध्याकाळचा ताप किंवा बेडक्यात रक्त असेल तर आधी थुंकीची तपासणी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले रुग्णालय, म्हणजे आपले सिव्हिल, हा त्यासाठी सरळ पत्ता. कुठेही गेलात तरी जुने केसपेपर आणि एक्स-रे एका पिशवीत ठेवून ती पिशवीच न्या.

दोन पंप, दोन कामे

चिठ्ठीवर बहुधा दोन प्रकारची औषधे असतात. एक तातडीचे: साल्ब्युटामॉल, अस्थॅलिन वगैरे नावांनी मिळते. काही मिनिटांत नळ्या मोकळ्या करते, चार ते सहा तास टिकते, पण आतली सूज तशीच ठेवते. दुसरे रोजचे: दम्यात त्यात स्टिरॉइड असते, ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन, बहुतेकदा लांब टिकणाऱ्या नळी-मोकळ्या-करणाऱ्या औषधासोबत. हे सूज उतरवते आणि त्याला आठवडे लागतात. घेतल्या घेतल्या काहीच जाणवत नाही, म्हणून लोक नेमके हेच सोडतात आणि पटकन बरे वाटणाऱ्या पंपावर राहतात. दम्यात फक्त साल्ब्युटामॉलवर दिवस काढणे धोक्याचे आहे. २०१९ पासून जागतिक दमा मार्गदर्शक सूचनांमध्येही नुसत्या साल्ब्युटामॉलवर उपचार करू नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. २०० पफांचे तीन पंप एका वर्षात संपत असतील तर आजार आटोक्यात नाही असे समजा आणि डॉक्टरांना गाठा.

सीओपीडीचे गणित वेगळे. तिथे मुख्य औषध लांब टिकणारे नळी-मोकळे-करणारे, टायोट्रोपियम किंवा ग्लायकोपायरोनियमसारखे. स्टिरॉइडचा पंप काही जणांनाच लागतो. त्यामुळे शेजारच्या काकांना लागू पडलेला पंप आपल्यालाही चालेल असे धरू नका.

पंपाच्या रंगावर जाऊ नका, रंग कंपनीगणिक बदलतात. पांढरी पट्टी चिकटवून पेनाने लिहा: एकावर "रोज सकाळ-रात्र", दुसऱ्यावर "धाप लागल्यावर". घरात तेलुगू किंवा कन्नड वाचणारे कोणी असेल तर त्यांच्या लिपीतही लिहा, पूर्व भागातल्या घरांत तर नक्कीच. फॉर्मोटेरॉल आणि ब्युडेसोनाइड एकत्र असलेला पंप (फोराकॉर्ट आणि तत्सम) काही रुग्णांना रोजचा आणि तातडीचा असा दोन्ही कामांना दिला जातो. तुम्हाला तसा दिला आहे का आणि दिवसाला जास्तीत जास्त किती पफ, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. साल्मेटेरॉल असलेला पंप मात्र तातडीला चालत नाही, त्याला काम सुरू करायला वेळ लागतो.

आता स्टिरॉइडची भीती. दम उसळल्यावर दवाखान्यात प्रेडनिसोलोनची जी गोळी देतात ती बऱ्याचदा ४० मिलिग्रॅम रोज असते, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम, आणि ती रक्तातून सगळ्या अंगभर फिरते. पंपाचा एक पफ साधारण १०० ते ४०० मायक्रोग्रॅमचा आणि तो थेट नळ्यांवर. दोन औषधांची ताकद सारखी नसते, तरी अंतर लक्षात येते. पंप टाळून वर्षातून तीनदा गोळ्या-इंजेक्शनांवर जाणारा माणूसच जास्त स्टिरॉइड खातो.

पंप घ्यायची रीत

दाबायचा पंप असा घ्या:

१. टोपण काढा, तोंडाच्या भागात डोकावून बघा. खिशातली बडीशेप, सुपारी आत गेलेली असते, हसू नका.
२. पंप पाच-सहा वेळा जोरात हलवा. नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर दोन ते चार फवारे हवेत सोडा.
३. ताठ बसा किंवा उभे राहा. श्वास सावकाश पूर्ण बाहेर सोडा, पंपाच्या बाहेर.
४. पंप दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटा, जीभ खाली.
५. तोंडाने सावकाश श्वास आत घ्यायला सुरुवात करा आणि लगेच एकदाच दाबा. श्वास तसाच तीन ते पाच सेकंद आत घेत राहा.
६. दहा आकडे श्वास रोखा, मग सोडा.
७. दुसरा पफ अर्ध्या ते एका मिनिटाने, पंप पुन्हा हलवून.
८. स्टिरॉइडचा पंप असेल तर पाण्याने खळखळून चूळ भरा, गुळण्या करा आणि पाणी थुंका. नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात, आवाज बसतो.

चुका ठरलेल्या असतात. आधी दाबून मग श्वास घेतला की औषध घशावर. झटकन ओढला तरी घशावर. दाबताना तोंडातून धूर बाहेर दिसला तर तेवढे औषध वाया. आणि नाकाने श्वास घेत तोंडात फवारणे, हेही होते. आरशासमोर उभे राहून घ्या, धूर दिसतो की नाही ते कळेल.

दाबणे आणि श्वास यांचा मेळ बसत नसेल, म्हातारे माणूस असेल, मूल असेल, तर स्पेसर घ्या, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची प्लॅस्टिकची पोकळ नळी. खरे तर दाबायचा पंप वापरणाऱ्या प्रत्येकाने घ्यावा असे आमचे मत आहे. स्पेसरमध्ये एका वेळी एकच पफ सोडायचा आणि लगेच सावकाश श्वास घ्यायचा. एक मोठा श्वास घेऊन दहा आकडे रोखणे जमले तर उत्तम, नाही जमले तर चार-पाच साधे श्वास आत-बाहेर. दोन पफ एकदम सोडले तर कण एकमेकांना चिकटून भिंतीवर बसतात. लहान मुलांना, साधारण चार वर्षांपर्यंत, मास्क लावलेला स्पेसर. मास्क नाका-तोंडावर फट न ठेवता बसला पाहिजे. रडणाऱ्या मुलाला दिलेले औषध आत जात नाही, आधी शांत करा.

स्पेसर नवा आणल्यावर आणि नंतर महिन्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून त्यात बुचकळा आणि तसाच निथळत ठेवून वाळवा. फडक्याने पुसू नका. पुसल्याने प्लॅस्टिकवर वीजभार येतो आणि औषध भिंतीलाच चिकटते. स्पेसर नाही आणि घाई आहे, अशा वेळी ५०० मिलीची कोरडी पाण्याची बाटली चालते. बुडाला पंपाचे तोंड घट्ट बसेल एवढे भोक पाडायचे, पंप तिथे लावायचा आणि बाटलीच्या तोंडाने श्वास घ्यायचा. दक्षिण आफ्रिकेत मुलांवर झालेल्या अभ्यासात अशी बाटली विकतच्या स्पेसरच्या बरोबरीने चालली आहे.

कॅप्सूलच्या पंपाची रीत नेमकी उलटी. रोटाहेलर या यंत्राच्या वरच्या चौकोनी भोकात रोटाकॅप, म्हणजे पावडरीची कॅप्सूल, पारदर्शक टोक खाली करून पूर्ण दाबून बसवा, खालचा भाग अडेपर्यंत फिरवा म्हणजे कॅप्सूल उघडते. श्वास बाहेर सोडा, पण यंत्रात फुंकू नका, तोंडाची वाफ लागून पावडरीचे गोळे होतात. मग ओठ मिटून जोरात आणि खोल श्वास ओढा, दहा आकडे रोखा. कॅप्सूलमध्ये पावडर उरली असेल तर पुन्हा ओढा. दाबायच्या पंपात सावकाश, पावडरीच्या पंपात जोरात: हे एक वाक्य पाठ करा. आणि रोटाकॅप गिळायची गोळी नाही. चिठ्ठीत "१-०-१" वाचून पाण्याबरोबर गिळणारी माणसे आजही सापडतात. कॅप्सूल घेण्याच्या क्षणीच पाकिटातून काढा.

पंप संपला हे कसे ओळखायचे? हलवून किंवा पाण्यात तरंगवून कळत नाही. डबी पाण्यात बुडवल्याने उलट तोंड बंद होते. आकडा दाखवणारा पंप असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर हिशोब करा: १२० पफांचा पंप, दोन पफ सकाळी, दोन रात्री, म्हणजे ३० दिवस. सुरू केल्याची आणि संपायची तारीख डबीवर लिहा. तारीख गेली की फवारा दिसला तरी त्यात औषध असेलच असे नाही.

सोलापूरच्या उन्हाची एक खास सूचना. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो आणि बंद गाडीत किंवा दुचाकीच्या डिकीत त्याहून खूप वर. हे पंप साधारण ३० अंशांखाली ठेवायचे असतात, दाबाने भरलेली डबी फार तापली तर फुटूही शकते. डिकीत ठेवू नका, खिशात किंवा पर्समध्ये बाळगा, घरी माठाच्या कोपऱ्यासारख्या गार जागी ठेवा, ओल लागू न देता.

फुंकणीचा मीटर

दमा असेल तर पीक फ्लो मीटर घ्या, म्हणजे किती जोरात फुंकता येते ते मोजणारे यंत्र. काटा शून्यावर आणा, उभे राहा, छाती भरून श्वास घ्या, ओठ घट्ट लावून एकदाच जोरात फुंका. तीनदा करून सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहा. पहिले दोन आठवडे सकाळी आणि रात्री, औषध घेण्यापूर्वी. आजार आटोक्यात असतानाचा सर्वांत चांगला आकडा हा तुमचा आकडा. समजा ४०० आला. ३२० च्या वर असाल तर ठीक. ३२० ते २०० च्या मध्ये गेलात तर डॉक्टरांनी ठरवून दिलेली वाढीव औषधे सुरू करायची वेळ. २०० च्या खाली दवाखाना. आकडा धाप लागण्याच्या एक-दोन दिवस आधीच घसरू लागतो, हाच त्याचा फायदा. सीओपीडीत हा मीटर फारसा उपयोगी नाही, तिथे किती चालल्यावर थांबावे लागते ते लिहा.

घर, काम आणि गावचे ऋतू

सोलापुरात दम्याला चिथावणारी कारणे रोजीरोटीत मिसळलेली आहेत, त्यामुळे "धुळीपासून लांब राहा" एवढ्या सल्ल्याने काही होत नाही.

यंत्रमागाच्या शेडमध्ये कापसाची बारीक धूळ सतत उडते. तिचे एक ठळक लक्षण आहे: सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीत छाती आवळते आणि आठवडा सरेल तसे बरे वाटते. हा बिसिनोसिस, कायद्याच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत असलेला. उलट कामाच्या दिवसांत त्रास वाढत जातो आणि सुट्टीत उतरतो, तेव्हा कामामुळे होणारा दमा असण्याची शक्यता मोठी, आणि रंगाई विभागातल्या पावडर-रसायनांकडेही संशयाने बघावे. खात्रीसाठी तीन-चार आठवडे दिवसातून चार वेळा पीक फ्लो लिहा, सुट्टीचे दिवस धरून, आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. माग साफ करताना कॉम्प्रेसरची हवा मारली की रुई शेडभर उडते आणि बराच वेळ खाली बसत नाही. ते काम रुग्णाने करू नये आणि चालू असताना आत थांबू नये. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणे किंवा ओढून घेणारे यंत्र बरे. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क नाकाची पट्टी दाबून, कडेने फट न ठेवता घाला. सीओपीडीच्या रुग्णाला त्यात धाप वाढत असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवा.

विडी वळणाऱ्या बायकांचा प्रश्न आणखी अवघड, कारण कारखाना घरातच असतो. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि प्रत्येक चिमटीबरोबर नाकाजवळ उडणारा गर्दा. तंबाखू चाळायची तर अंगणात, वारा पाठीमागून येईल असे बसून. वळायला दाराजवळ बसा. तंबाखू आणि पानांची पोती झोपायच्या खोलीत नकोत. काम संपल्यावर खोली ओल्या फडक्याने पुसा, लुगडे बदला, हात-तोंड धुवा, मग मुलांना जवळ घ्या. मिश्री लावत असाल तर ती भाजताना होणारा धूर आणि तिच्यातला तंबाखू, दोन्ही बंद करायची वेळ आली आहे.

घरात पहिला नंबर धुराचा. चूल असेल तर गॅस, निदान रुग्ण आत असताना चूल नको. अंघोळीच्या पाण्याचा बंब अनेक घरांत अजून लाकूड-चिंध्यांवर पेटतो, त्याचा धूर पहाटे, म्हणजे दम्याच्या नेमक्या वाईट वेळी, घरात शिरतो. तो बाहेर हलवा. डासांच्या कॉइलबद्दल लोक बेफिकीर असतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके मोजले गेले. मच्छरदाणी लावा. ऊद-धूप रुग्णाच्या खोलीबाहेर. मिरच्या भाजायच्या, ठेच्याचा खकाणा उठवायचा, तो रुग्ण घराबाहेर असताना.

अंथरुणातल्या धूळकिड्यांना ओल लागते, त्यामुळे कोकणापेक्षा आपल्याकडे त्यांचा त्रास कमी. तरी चादरी, उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुवा. सोलापुरी चादर सुती असते, ती हे सहन करते. नवी चादर मात्र दोनदा धुतल्याशिवाय अंगावर घेऊ नका, तिचे तंतू सुटतात. गोधड्या, गाद्या कडक उन्हात तीन-चार तास टाका, पण झटकण्याचे काम रुग्णाने करू नये. कूलरकडे कोणी बघतच नाही: गेल्या उन्हाळ्याचे गवत, तळाशी साचलेले पाणी, त्यावर बुरशी, आणि मार्चमध्ये बटण दाबले की ती सगळी थेट नाकात. दर हंगामाला गवत बदला, टाकी घासा, पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला आणि झोपताना झोत तोंडावर घेऊ नका.

वर्षाचे गणितही डोक्यात ठेवा. जानेवारीत थंडीची पहाट आणि गड्ड्याची गर्दी. सिद्धेश्वर यात्रेतले शोभेचे दारूकाम लांबून, धूर आपल्याकडे येणार नाही अशा वाऱ्याच्या बाजूला उभे राहून बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारीची मळणी. मळणी यंत्राजवळ कडब्याचा भुसा उडत असताना दम्याच्या माणसाने शेतावर हिशोब बघायलाही उभे राहू नये. पावसाळ्यात गाजरगवत फुलते. ते उपटायचे तर फुलायच्या आधी, आणि दुसऱ्या कोणीतरी. सप्टेंबरच्या पावसात भिंतींना ओल आणि बुरशी. मग दिवाळीचे फटाके आणि ऊसतोडीनंतर पेटवलेले पाचट. तुमचा त्रास यातल्या कोणत्या महिन्यात वाढतो ते पहिल्या वर्षी लिहून ठेवलेत, तर दुसऱ्या वर्षी डॉक्टर औषध आधीच वाढवू शकतात.

दम उसळला तर

हा भाग कागदावर उतरवून फ्रीजवर चिकटवा. घरातल्या सगळ्यांना माहीत हवा.

१. रुग्णाला सरळ बसवा, आडवे करू नका. पुढे वाकून हात गुडघ्यांवर टेकले तर बरे वाटते. भोवतीची गर्दी हटवा.
२. साल्ब्युटामॉल स्पेसरमधून एक पफ, चार श्वास. असे एकामागून एक चार पफ.
३. चार मिनिटे थांबा. फरक नसेल तर पुन्हा चार पफ.
४. तरीही आराम नाही, तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत तसेच चार-चार पफ देत राहा.

वाट न बघता लगेच १०८ कधी? एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, ओठ निळसर पडले, गुंगी येते आहे, बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जाते, किंवा बोटाच्या मीटरवर दम्याच्या रुग्णाचा ऑक्सिजन ९२ च्या खाली आहे. छातीतली घरघर एकदम थांबली आणि रुग्ण मात्र थकलेलाच आहे, तर ते बरे झाल्याचे लक्षण नाही. हवाच आत जात नसते. मीटर लावताना मेंदी किंवा नेलपॉलिश नको, आणि आकडा एक मिनिट स्थिर होऊ द्या.

सीओपीडीत मोजमाप वेगळे. अनेकांचा ऑक्सिजन नेहमीच ८८ ते ९२ असतो आणि त्यांना जास्त ऑक्सिजन देणे घातक ठरू शकते, कारण रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. कोविडच्या काळात घेतलेले मशीन घरात आहे म्हणून स्वतःच्या मनाने लावू नका. ज्यांना घरी ऑक्सिजन खरेच लागतो त्यांना तो रक्त तपासून, ठरलेल्या प्रवाहाने, दिवसाला किमान पंधरा तास सांगितला जातो. सीओपीडीत धाप वाढली, बेडका जास्त येऊ लागला किंवा पिवळा-हिरवा झाला, तर त्याच दिवशी डॉक्टर.

सीओपीडीवाल्यांसाठी थोडे जास्त

विडी-सिगारेट सोडणे हे पंपाइतकेच औषध आहे, आणि फुफ्फुसाची घसरण मंदावणारा दुसरा इतका मोठा उपाय नाही. मोफत मदत १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मिळते. निकोटिनचा च्युइंगम किंवा गोळ्या लागतील का ते डॉक्टरांना विचारा.

धाप लागते म्हणून चालणे सोडले की पायांचे स्नायू आटतात आणि मग कमी कामातही धाप लागते. सिद्धेश्वर तलाव किंवा कंबर तलावाकाठी सपाट रस्त्यावर सुरुवात दहा मिनिटांनी करा, दर आठवड्याला थोडे वाढवा. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत वेग. हिवाळ्यात ऊन वर आल्यावर, उन्हाळ्यात आठच्या आत. चालताना दोन आकडे नाकाने श्वास घ्या आणि चार आकडे ओठांचा चंबू करून सोडा. जिना चढताना श्वास सोडत पाय उचला.

जेवण एकदम भरपेट न घेता थोडे-थोडे पाच वेळा, कारण भरलेले पोट छातीचा पडदा वर ढकलते. दही, केळी, ताक सरसकट बंद करू नका, ज्याने स्वतःला त्रास होतो तेवढेच टाळा. सीओपीडीत वजन घटणे वाईट, तेव्हा भाकरीबरोबर शेंगाचटणी आणि डाळ, चालत असेल तर अंडे रोज असू द्या. फ्लूची लस दरवर्षी, शक्यतो पावसाळ्याआधी. न्यूमोनियाची लस कोणती आणि किती वेळा ते डॉक्टर सांगतील.

इतर औषधे, पुड्या आणि खर्च

काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकने जोराचा दम लागतो, नाकात कोंब असणाऱ्यांना विशेष. अंगदुखीला कॉम्बिफ्लाम मागण्याआधी हे आठवा. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते. अर्धशिशीसाठी दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल आणि काचबिंदूचे टिमोलॉल हे डोळ्यांचे थेंबसुद्धा नळ्या आवळतात. त्यामुळे डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दमा असल्याचे सांगा. दम्यावरची डेरिफायलिन ही गोळी चालू असेल आणि कोणी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिन दिले, तर तिचे रक्तातले प्रमाण वाढून मळमळ, धडधड होते.

नाव-गाव नसलेल्या पुड्यांनी दोन दिवसांत जादू झाली तर संशय घ्या, त्यात स्टिरॉइड कुटलेले असू शकते. चेहरा सुजणे, साखर वाढणे ही त्याची खूण. ते एकदम बंद करणेही धोक्याचे, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. दम्यावरचे कोजागरीच्या रात्रीचे औषध आणि मृगाला हैदराबादला मिळणारा औषधाचा मासा यांवर आपल्याकडे पुष्कळांची श्रद्धा आहे. जायचे तर जा, पण पंप बरोबर न्या आणि रोजचा डोस एकही दिवस चुकवू नका. जागरण, गार हवा आणि गर्दीत तोच लागेल.

खर्चासाठी डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहायला सांगा आणि जनऔषधी केंद्रात विचारा. ब्रँड बदलला तर यंत्रही बदलते, म्हणून घेण्याची रीत पुन्हा शिकून घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे, महिन्याचा पंप त्यातून निघेल असे धरू नका. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार आणि ईएसआयची (कामगार राज्य विमा योजनेची) नोंद असेल तर औषधे तिथून मिळतात. मागावरच्या कामगाराने आपली नोंद खरेच झाली आहे का ते आधी तपासावे.

पुढची भेट महिना ते तीन महिन्यांत. जाताना सगळे पंप, स्पेसर आणि वही घेऊन जा आणि डॉक्टरांसमोर पंप घेऊन दाखवा. त्यांनी सांगितले नाही तरी, "मी कसा घेतो ते बघा" असे तुम्हीच म्हणा. दमा सलग तीन महिने आटोक्यात असेल तर डोस कमी करण्याचा विषय काढा. तो टप्प्याटप्प्याने आणि त्यांच्या देखरेखीखाली कमी होतो, आणि कमी केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे पीक फ्लो पुन्हा रोज लिहायचा.